टाकीत उतरलेली हळद

मुंबईला मी आजवर गेले ती मोर्च्यांना. पहाटे उतरायचं, दिवसभर घोषणा द्यायच्या, कुणीतरी वाटलेला वडापाव खायचा आणि रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला परत. गिरणगाव मला पाठ होतं ते पत्रकांतून. आमच्या घरात पत्रकं कधी संपली नाहीत. आईचे वडील गिरणीतल्या एका साहेबाची गाडी चालवायचे आणि संध्याकाळी त्याच साहेबाविरुद्ध गेटवर पत्रकं वाटायचे. माझे वडील आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, तेही युनियनचे. मी अक्षरं जोडायला शिकले ती ‘कामगार बंधू-भगिनींनो’ या दोन शब्दांवर.

त्यामुळे या मे महिन्यात मामाच्या रुपालीच्या लग्नाला निघाले तेव्हा साडीखाली पत्रकांचा एक गठ्ठा होताच. विषय इथेनॉल. पेट्रोलमध्ये आता पाचातला एक भाग इथेनॉल असतो आणि त्यातलं बरंचसं आपल्या उसातून येतं. परदेशातून तेल आणण्यापेक्षा आपल्या शेतातलं इंधन काय वाईट, असं मी त्यात ठासून लिहिलं होतं. लग्नाला जमलेल्या मुंबईकरांना ते वाटायचा माझा बेत होता.

तो गठ्ठा मी तसाच परत आणला. का आणला, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

घोडपदेव

मामाच्या चाळीत पोचले तेव्हा हळदीची गडबड सुरू होती. अंगणात मांडव, तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं, जिन्याखाली एका भल्या मोठ्या पातेल्यात सागोती रटरटत होती. आपल्याकडे हळदीच्या दिवशी मटणाचं नाव काढलं तर घरातली म्हातारी माणसं जेवणावरून उठतील. इथे कोकणी माणसाची हळद वडे-सागोतीशिवाय पुरी होत नाही. पुरीसारखे फुगलेले, जाडसर पिठाचे वडे आणि नारळाच्या वाटपाचा झणझणीत रस्सा. तांबड्या-पांढऱ्याच्या गावची असून मी दोनदा वाढून घेतलं. वाढणारा मामाचा शेजारी म्हणाला, “कोल्हापूर शरण आलं रे.”

मांडवाच्या कडेला गाडी उभी होती. सायीच्या रंगाची पद्मिनी, स्टीअरिंगला गिअर, पुढची सीट बाकासारखी सलग. गिरणी बंद पडली तेव्हा आजोबांचा साहेब मुलाकडे परदेशात गेला आणि जाताना किल्ली आजोबांच्या हातात ठेवून गेला. शाळेत असताना मी मामाला विचारलं होतं की हजारो कामगार रस्त्यावर आले आणि एका ड्रायव्हरला गाडी मिळाली, यात कौतुक कसलं? मामा तेव्हा बॉनेट पुसत होता. तो म्हणाला होता, “कौतुक नाय गो. पण चालते ना.”

मामा लोअर परळच्या टॉवरांमध्ये लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं आणि रविवारी ही. पण त्याच्या दृष्टीने ती यंत्र नव्हतीच. या घरातली प्रत्येक मुलगी लग्न लागल्यावर याच गाडीतून सासरी गेली आणि मांडवपरतणीला, म्हणजे पहिल्यांदा माहेरी यायला, याच गाडीतून आली. माझी आई यातूनच घाट ओलांडून कोल्हापुरापर्यंत गेली होती. मामाची थोरली मुलगी यातूनच भांडुपला गेली आणि आली. आता रुपाली धाकटी, शेवटची. मामाने तिला शब्द दिला होता की नेणार मी आणि आणणारही मीच.

नवरीची हळद उतरल्यावर बायका अंगणात आल्या आणि मी थक्क झाले. गाडीलाही हळद लावायची होती. ही चाल आजोबांनी सुरू केलेली. नवरीला घेऊन जाणारीला कोरडं कसं ठेवायचं, असं ते म्हणत. बॉनेटवर, दारांवर हळदीची बोटं उठली. मग हळदीच्या पाण्याचे तांबे भरले गेले. मामी मालवणकडची. ती पुढे होऊन म्हणाली, “पयलो तांब्यो तोंडाक.”

गाडीचं तोंड म्हणजे पेट्रोलचं झाकण, मागच्या चाकाच्या वरचं. ती तिथूनच खाते-पिते ना, मग पहिलं पाणी तिथेच. पाच सवाशिणींनी एकेक तांब्या ओतायचा. मी लगेच विचारलं की सवाशिणीच का? गाडीला काय कळतंय कुणाचं लग्न झालंय? मामीने कपाळाला हात लावला. शेजारची एक बाई म्हणाली, “घाल गो मुक्ता तू पण, नायतर उद्या आमच्यावर मोर्चा आणशील.” मग सहावा तांब्या मी घातला. कुणीतरी विचारलं, या गाडीला नवरा कधी बघायचा? मामा म्हणाला, “हिचं लग्न आरटीओशी झालंय. पाच-पाच वर्षांनी पासिंग करून पुन्हा लावतो आम्ही.”

टाकी त्याने सकाळीच काठोकाठ भरून आणली होती.

दादर

लग्न दादरच्या एका जुन्या सभागृहात होतं. मुलाकडचे ठाकूरद्वारचे. नवरा निखिल एका कंपनीत हिशेब बघतो, वडील बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं मराठी पुस्तकी, आमचं कोकणी आणि माझं कोल्हापुरी. पंगतीत आग्रह करताना तिघांचं काहीच जुळत नव्हतं. ते म्हणायचे “थोडं घ्या ना”, मामी म्हणायची “खावा मरे”, आणि मी “वाढा की” म्हटलं तर दोन्ही बाजूंनी हसायचे.

पाठवणीला मामा रडला नाही. गाडी पुसण्यात तो गुंतलेला होता. मागे रुपाली आणि निखिल, पुढे मामाशेजारी मी. रुपालीने पाठराखीण म्हणून मला मागून घेतलं होतं. नवरीबरोबर सासरी जाऊन मांडवपरतणीपर्यंत तिच्या सोबतीला राहायचं, हे माझं काम. मागून निखिलच्या मित्रांच्या मोटरसायकली. मामाने चावी फिरवली तेव्हा गाडीने एक झटका दिला, मग दुसरा. मामा म्हणाला, “अंगात हळद आहे, लाजतेय.” सगळे हसले.

परळपर्यंत ती तशीच लाजत आली. सिग्नलला बंद पडायची, मामा चोक ओढायचा, पुन्हा चालू व्हायची. मामाचं बोलणं कमी होत गेलं.

लालबाग

मे महिना म्हणजे मुंबईच्या बायकांचा वर्षाचा मसाला करायचा महिना. लालबागला पुलाजवळ आलं की मिरच्या भाजल्याचा ठसका आधी नाकात शिरतो. गल्लीत बायका खुर्च्या टाकून बसलेल्या असतात. आपला मसाला आपल्यासमोर कुटला जातोय की नाही यावर त्यांची नजर असते. आपल्याकडे चटणी घरात होते आणि ठसका घरातल्या घरात राहतो. इथे अख्खा रस्ता शिंकत असतो. आम्हीही शिंकायला लागलो. रुपालीच्या मुंडावळ्या हलत होत्या, निखिल तिला रुमाल देत होता, आणि हसण्या-शिंकण्यात कुणालाच दुसरा वास कळला नाही.

पुलाखाली गाडी थांबली ती थांबलीच. मामाने दोनदा प्रयत्न केला. मग तो एकदम स्तब्ध झाला. त्याने नाक वर केलं. मला वाटलं तोही शिंकणार. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “रुपा, उतर. शालू सावर आणि उतर. निखिल, तुम्हीपण.”

मी खाली उतरले आणि बॉनेटखालून रस्त्यावर पडलेली ओल बघितली. मामाने बॉनेट उघडलं. पेट्रोल नेणारी रबराची नळी जिथे पंपाला जोडलेली असते तिथे ती फुगून मऊ झाली होती, ओल्या पावासारखी. तिच्यातून पेट्रोल पाझरत होतं आणि तापलेल्या इंजिनावर पडून त्याची वाफ होत होती. थेंब, वाफ, थेंब, वाफ. त्या वाफेत मी वाकून उभी होते.

आणि मागून हशा ऐकू आला. निखिलच्या मित्रांना वाटलं, लालबागला थांबलोय ते मुद्दाम, नवरा-नवरीचं स्वागत करायला. एकाने फटाक्यांची माळ रस्त्यावर पसरली होती. गाडीच्या चाकापासून हातभर अंतरावर तिचं टोक होतं. तो खाली बसला होता आणि त्याच्या हातात लायटर होता.

मला ओरडता आलं नाही. हजार-हजार माणसांच्या मोर्च्यात माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, पण त्या वेळी मी लायटरकडे नुसती बघत राहिले. निखिलच पुढे गेला. फेटा, शेला, हातातला नारळ, सगळ्यासकट तो धावला आणि त्याने मित्राच्या हातावर लाथ मारली. लायटर उडून दुभाजकाला लागला. मित्र रागाने उठला, “ए, काय रे, वेडा झालास काय?” मग त्याने मामाकडे बघितलं. मामा उघड्या बॉनेटसमोर दोन्ही हात पसरून उभा होता, जणू माळ पेटली असती तर तो ती अंगावर घेणार होता.

मसाल्याच्या गल्लीतल्या दोन बायका बादली भरून वाळू घेऊन आल्या. मसाला कुटणाऱ्या डंकवाल्यांकडे ती आगीसाठी ठेवलेली असते. त्यांनी ती ओलीवर टाकली आणि न विचारता परत गेल्या. रुपाली फुटपाथवर उभी होती. तिच्या शालूला पेट्रोलचा वास येत होता. ती मामाकडे बघून म्हणाली, “बाबा, तुम्ही ठीक आहात ना?” मामाने मान हलवली. पण त्याचे हात अजून पसरलेलेच होते.

रुपाली टॅक्सीने सासरी गेली. या घरातली टॅक्सीने गेलेली ती पहिली मुलगी.

ठाकूरद्वार

ठाकूरद्वारच्या वाडीत पोचलो तेव्हा दारात ओवाळायला उभ्या असलेल्या सासूबाईंनी आधी नाक आक्रसलं. निखिलने सगळं सांगितलं. त्या घाबरल्या, आणि घाबरलेली माणसं रागावल्यासारखी बोलतात तशा बोलल्या. त्या वेळी सगळं उरकलं. गृहप्रवेश झाला, पन्हं झालं. इथल्या पन्ह्यात गूळ नव्हता, साखर होती, आणि केशर. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना सासरे रुपालीला म्हणाले, “हे बघ बाळा, तुझ्या वडिलांचा अपमान करायचा नाही. पण मांडवपरतणीला त्या गाडीतून तुला पाठवणं आम्हाला जमायचं नाही.”

रुपाली “बरं” म्हणाली. मग मला स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत नेऊन म्हणाली, “तू इथे बसून काय करणारेस? बाबांकडे जा. ते आता झोपणार नाहीत. ते गाडीला खालून-वरून सगळं उघडतील. त्यांना म्हणावं, मी त्यांच्याच गाडीतून येणार. आणि खरंच येता येईल का, तेही बघून ये.”

लोअर परळ

मामा ज्या टॉवरांत लिफ्ट दुरुस्त करतो त्यांच्या मागे एका बंद गिरणीची भिंत उरलेली आहे. त्या भिंतीला टेकून दिगू मेस्त्रीचं गॅरेज. मामाने लालबागहून गाडी ओढून तिथेच आणली होती. आमच्या पत्रकांत या गिरण्यांची नावं रक्ताच्या रंगात छापलेली असायची. इथे भिंतीवर कुणीतरी ‘येथे गाडी लावू नये’ लिहिलं होतं आणि तिथेच गाड्या लावल्या होत्या. दिगू मेस्त्रीने मला बघून विचारलं, “ही कोल्हापूरची? तुमचाच उसाचा रस भरलाय ना आमच्या पेट्रोलात?” मी म्हटलं, रस नाही, स्पिरिट. तो म्हणाला, “मग नशा चढायची सोडून गाडी मरगळते का?”

त्याचं निदान ठरलेलं होतं. पंपवाल्याने पेट्रोलमध्ये पाणी घातलंय. तो मामाला म्हणाला, चल, आत्ताच्या आत्ता कॉलर धरू. भांडायला जायचं म्हटल्यावर मी सगळ्यांत पुढे. पंपावर पोचताच मी लोकांसमोर मोठ्याने विचारलं, ग्राहकांना पाणी विकताय काय?

पंपाचा मॅनेजर शांत होता. त्याने आमच्या डोळ्यांसमोर टाकीत पट्टी सोडली, तिच्या टोकाला पाणी ओळखायचा लेप होता. लेपाचा रंग बदलला नाही. पाणी नव्हतं. मग तो जे बोलला त्याने मला पहिला धक्का दिला. त्याला वाटलं, तो आपली बाजू मांडतोय. “मॅडम, आता आम्ही पाण्याला जास्त घाबरतो. इथेनॉल पाणी ओढतं. आमच्या टाक्यांची झाकणं, सील, सगळं बदलून घेतलंय.”

मी विचारलं, आणि ग्राहकांच्या टाक्यांचं काय? त्यांना सांगितलंत?

त्याने पंपावरचा स्टिकर दाखवला. वीस हा आकडा आणि एक हिरवं पान. “सगळीकडे हेच आहे,” तो म्हणाला. “दुसरं कुठलं मिळणारच नाही.”

परत आलो तोवर मामीही गॅरेजवर आली होती. मामासाठी डबा घेऊन, आणि रुपालीकडे न्यायला लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेऊन. सासूबाईंनी कैरीचं लोणचं देऊ केलं होतं. दिगू मेस्त्रीने टाकीच्या तळाशी नळी घालून पेट्रोल ओढलं आणि घ्यायला पारदर्शक काही नव्हतं म्हणून बरणी उचलली. मामी म्हणाली, “अरे ती लोणच्याची हा, मेल्या.” तोवर बरणी भरली होती.

ती त्याने स्टुलावर ठेवली. आम्ही चौघं भोवती उभे राहिलो. आधी सगळं गढूळ होतं. मग हळूहळू त्याचे दोन थर झाले. वरचा फिकट, पेट्रोलचा. आणि खालचा, अर्ध्या बरणीपर्यंत, पिवळा. गंजाचा नाही, मातीचा नाही. स्वच्छ, झळझळीत पिवळा.

मामीने तो ओळखला आधी. तिने काचेला बोट लावलं आणि मागे घेतलं. “हळद,” ती म्हणाली.

मला ते कळायला हवं होतं. डिस्टिलरीतल्या माणसाच्या घरात वाढले आहे मी. स्पिरिट आणि पाणी एकमेकांना सोडत नाहीत, आणि हळदीचा रंग पाण्यात जेवढा उतरत नाही तेवढा स्पिरिटमध्ये उतरतो, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. पूर्वी याच झाकणातून याच हळदीचे चार थेंब आत गेले असतील. ते तळाशी एका कोपऱ्यात पडून राहिले असतील, गाडीने दोन झटके दिले असतील आणि चालली असेल. माझ्या आईला तर तिने घाट पार करून नेलं. आता मात्र पाणी आत गेलं की पेट्रोलमधलं इथेनॉल त्याच्याकडे धावतं, दोघं मिळून तळाला बसतात, आणि इंजिन तर तळापासूनच पितं. दिगू मेस्त्रीने झाकण काढून आणलं. त्याच्या आतली रबराची चकती लालबागच्या नळीसारखीच मऊ होऊन चिरली होती. तांबे त्यातूनच उतरले होते. पाच सवाशिणींचे आणि एक माझ्या तत्त्वाचा.

मामी खाली बसली. “म्हणजे मीच,” ती म्हणाली. “मीच सांगितलंय, पयलो तोंडाक.”

मामा तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. “तू नाय गो. आपण चाळीस वर्षं घालतोय.”

“पण पोर आत होती,” मामी म्हणाली.

राग कुणावर काढायचा ते मला कळत नव्हतं. बाजूला जाऊन वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, रुपाली ठीक आहे ना. मग म्हणाले, “नळी कसली होती? साधं काळं रबर?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “अगं, साधं रबर स्पिरिटला कोण लावतं? आमच्या लाइनला कधीच नव्हतं. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलंय ते.”

तेव्हा मला खरा धक्का बसला. बनवणाऱ्यांना माहीत होतं. विकणाऱ्यांनी आपापल्या टाक्या नीट करून घेतल्या होत्या. ज्याला माहीत नव्हतं तो फक्त जाळणारा होता, आणि त्याच्या मागच्या सीटवर शालू नेसलेली मुलगी होती. मी वडिलांना म्हटलं, माझ्या पत्रकात हे नाही. ते म्हणाले, “तू विचारलंच नाहीस.” मग थोडं थांबून, “इथेनॉल बंद करा असं मात्र लिहू नकोस बाळ. आपली भाकरी आहे ती.” मी म्हटलं, बंद करा असं नाहीच लिहिणार. ऊस लावणाऱ्याने काय घोडं मारलंय? पण जुन्या गाडीवाल्याला एका पानाच्या चित्रावर सोडून देता येत नाही. त्याला त्याच्या भाषेत, पंपावर, टाकी भरण्याआधी सांगायला हवं की तुझी नळी बदल, चकती बदल, पाणी लांब ठेव, आणि ते परवडत नसेल तर जुनं, कमी इथेनॉलचं पेट्रोल इथे मिळेल. वडील म्हणाले, “हे लिही.” मी म्हटलं, लिहिणारच आहे.

माझ्या त्या पत्रकातली एकही ओळ मला आज खोटी वाटत नाही. पण त्या गठ्ठ्यातला एकही कागद मी मामीच्या हातात ठेवू शकले नसते.

टाकी उतरवून धुतली. नळ्या स्पिरिट सोसणाऱ्या रबराच्या आणल्या, झाकणाला नवी चकती बसवली. कार्ब्युरेटर उघडला तर आत पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं होतं. दिगू मेस्त्री ते खरवडत म्हणाला, हे पुन्हा धरणार. मामाने विचारलं, किती दिवसांत? तो म्हणाला, “मला काय माहीत? मी पण पहिल्यांदाच बघतोय. रोज बॉनेट उघडून बघत जा.” त्याच्या आवाजातली मस्करी गेली होती.

ठाकूरद्वार ते घोडपदेव

मांडवपरतणीच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. मी शेजारी. गाडी छान चालत होती. लालबागची उलटी दिशा असल्यामुळे तो पूल लागला नाही, ते बरं झालं. तरी भायखळ्याला आणि मग ग्रँट रोडला मामा कडेला थांबला, बॉनेट उघडून नळीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि पुन्हा बसला.

वाडीत आम्हाला कोथिंबीर वडी आणि पियुष मिळालं. सासरे मामाशी अगदी आदराने वागले. गाडी इथवर आली याचं त्यांनी कौतुक केलं आणि घसा खाकरला. पुढचं वाक्य कसं बोलावं ते ते जुळवत होते. रुपाली दाराशी बॅग घेऊन उभी होती. तिचा चेहरा बघून मला कळलं की तिने भांडायची तयारी केलीय.

मामाने कुणालाच बोलू दिलं नाही. तो म्हणाला, “साहेब, मी बाहेर टॅक्सी थांबवून ठेवलीय. रुपा त्यातून येईल.”

रुपाली बघतच राहिली. “मग गाडी कशाला आणलीत?”

“आणतो म्हणालो होतो.”

“बाबा, नळ्या बदलल्या ना? मुक्ता म्हणाली सगळं बदललंय.”

“बदललंय.”

“मग?”

मामाने कपातलं पियुष संपवलं. “मी रोज लिफ्ट बघतो, रुपा. दोर बदलला की मला माहीत असतं तो किती वर्षं चालेल. मग मी माणसांना आत सोडतो. हिच्यात आता काय चाललंय ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी बसेन. तुला नाही बसवणार.”

सासूबाई उठल्या आणि आतून एक जास्तीची वडी आणून मामाच्या ताटलीत वाढली. रुपालीने वाद घातला नाही. वडिलांना नमस्कार करायला वाकली तेव्हा ती रडत होती की रागावली होती, ते मला सांगता येणार नाही.

ती टॅक्सीत बसली. मी मामाबरोबर गाडीत. टॅक्सी पुढे, आम्ही मागे. गिरगावातून बाहेर पडेपर्यंत मी फक्त टॅक्सीची मागची काच बघत होते. रुपाली त्या काचेतून आमच्याकडे बघत होती. वळणावर टॅक्सी वळली की तिचं तोंडही वळायचं, आम्ही दिसलो की थांबायचं. आपल्याकडे मुलगी सासरी निघाली की मागे वळून बघू नये म्हणतात. ही माहेरी निघाली होती आणि तिचा चेहरा मागेच होता.

नागपाड्याला मामा पुन्हा कडेला थांबला. बॉनेट, बोट, वास. नळी कोरडी होती. तोवर सिग्नल बदलला आणि टॅक्सी निघून गेली. मामा म्हणाला, “जाऊ दे, पोचेल ती.” पण त्यानंतर त्याने गाडी जरा दामटली.

घोडपदेवच्या वळणावर टॅक्सी उभी होती. चाळ तिथून दिसत होती, मामी मांडवाखाली ओवाळायला उभी होती तीही दिसत होती. टॅक्सीमागे एक टेम्पो आणि दोन रिकाम्या हातगाड्या अडकल्या होत्या, टेम्पोवाला हॉर्न दाबून बसला होता. टॅक्सीवाला बाहेर येऊन हात पसरून रुपालीला काहीतरी सांगत होता. आम्ही जवळ पोचलो तेव्हा ऐकू आलं.

“मॅडम, घर आ गया ना? उतरो, पीछे सब चिल्ला रहे हैं.”

रुपाली मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसली होती. हलली नाही.

“थोडं थांबा,” ती म्हणाली. “मागून माझे बाबा येतायत. ते पोचल्याशिवाय मी उतरणार नाही.”